एचडीएल वाढवलं तर साखर उतरेल का?

एका गृहस्थांनी विचारलंय: वय ४३. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.३. एकूण कोलेस्टेरॉल १८८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) फक्त ३२. वजन ७१ किलो, उंची पाच फूट सहा इंच, कंबर ९७ सेंटिमीटर. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला. चांगलं कोलेस्टेरॉल रक्तातली साखर आटोक्यात ठेवतं असं वाचनात आलं, मग एचडीएल वाढवायची गोळी घेतली तर मधुमेह टळेल का? घरात बायको म्हणते, रोज दोन चमचे साजूक तूप खा, चांगलं कोलेस्टेरॉल आपोआप वाढेल.

आधी थेट उत्तर देतो. एचडीएल वाढवायची गोळी घेऊ नका. तूप भाकरीवर चवीपुरतं असू द्या, औषध म्हणून नको. पण तुमचं ३२ हा आकडा अजिबात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मी पंचवीस वर्षं मधुमेहाचे पेशंट बघतोय. तुमच्यासारखा रिपोर्ट समोर आला की एचबीएवनसीच्या आधी माझी नजर ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या दोन ओळींवर जाते. माझ्या मते एचडीएल हा तुमच्या शरीरात चाललेल्या गोष्टीचा साक्षीदार आहे. थोडाफार भागीदारही आहे, पण मुख्य कर्ताकरविता दुसराच आहे.

तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे, ते आधी सांगतो.

एचडीएल म्हणजे नुसतं कोलेस्टेरॉल नव्हे. प्रथिन आणि चरबी यांचा तो एक बारीक कण असतो. पेशींमधलं जादा कोलेस्टेरॉल उचलायचं आणि यकृताकडे पोचवायचं, हे त्याचं मुख्य काम. आता स्वादुपिंडातल्या बीटा पेशी घ्या, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी. त्यांच्यातही जादा कोलेस्टेरॉल साचू शकतं, आणि साचलं की इन्सुलिन बाहेर सोडण्याचं काम अडखळतं. हे कोलेस्टेरॉल पेशीबाहेर काढून एचडीएलच्या हवाली करणारं एक प्रथिन पेशीच्या भिंतीत बसलेलं असतं, त्याचं नाव एबीसीए१. २००७ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त बीटा पेशींमधून हे प्रथिन काढून टाकलं. त्या पेशींत कोलेस्टेरॉल साचलं, आणि साखर दिल्यावर उंदरांचं इन्सुलिन पुरेसं सुटेना. हेच जनुक बिघडलेल्या माणसांमध्येही इन्सुलिन सोडण्याची ताकद कमी असल्याचं नंतर दिसलं.

दुसरा धागा स्नायूंचा. इन्सुलिनच्या सांगण्यावरून जी साखर रक्तातून उचलली जाते, तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. २००९ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या १३ पेशंटना शिरेतून तयार एचडीएल दिलं. पुढच्या काही तासांत साखर उतरली, इन्सुलिन वाढलं, आणि स्नायूंमध्ये साखर जाळणारी यंत्रणा जागी झालेली दिसली. १३ माणसं आणि काही तासांचा खेळ, त्यावर उपचार उभे राहत नाहीत. पण एचडीएलचा साखरेशी थेट संबंध असू शकतो हे माणसातच दिसलं, म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा.

मग एचडीएल वाढवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट. ही मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रथिन असतं. ते एचडीएलकडचं कोलेस्टेरॉल काढून ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांना देतं आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणून टाकतं. ही देवाणघेवाण थांबवली की एचडीएल वाढतं. टोरसेट्रॅपिब हे अशा औषधांतलं पहिलं मोठं नाव. १५,००० हून जास्त लोकांवर त्याची चाचणी चालली होती. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे तुमचं ३२ चं ५५ व्हावं तसं. आणि डिसेंबर २००६ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये ९३ मृत्यू झाले होते आणि न घेणाऱ्यांमध्ये ५९. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता. आता यातली गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट बघा: त्याच चाचणीतल्या मधुमेहींचे आकडे नंतर तपासले, तेव्हा सहा महिन्यांनी औषधाच्या गटात एचबीएवनसी सरासरी ७.०६ होतं आणि दुसऱ्या गटात ७.२९. साखर खरंच थोडी सुधारली होती. त्याच जातीच्या अ‍ॅनासेट्रॅपिबच्या चाचणीत ३०,००० हून जास्त लोक होते, निकाल २०१७ मध्ये आला. एचडीएल दुपटीच्या आसपास गेलं. नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५.३ टक्के विरुद्ध ६ टक्के. फायदा आहे, पण एवढासा. ते औषध बाजारात आलंच नाही.

याच्या अगदी उलट कथा नायसिनची. हे ब जीवनसत्त्वांपैकीच एक. मोठ्या डोसमध्ये दिलं की एचडीएल वाढतं, आणि एके काळी त्यासाठी आम्ही ते लिहूनही देत होतो. मीही दिलंय. पेशंट सांगायचे, डॉक्टर, गोळी घेतली की अर्ध्या तासात तोंड लाल होतं, कानांतून वाफा निघाल्यासारखं वाटतं. ते सगळं सोसून काय मिळालं? २५,६७३ लोकांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एचडीएल वाढलं, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. आणि साखर? नव्याने मधुमेह झाल्याचं निदान जवळपास एक तृतीयांशाने वाढलं. आधीच मधुमेह असलेल्यांची साखर बिघडली ती वेगळी.

म्हणजे दोन्ही जातींच्या औषधांनी एचडीएल वर नेलं. एकाने साखर किंचित उतरवली, दुसऱ्याने चढवली. एचडीएलचा आकडाच साखरेचा मालक असता तर असं झालं नसतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी हीच गोष्ट जनुकांच्या वाटेने तपासली. जन्मतःच एचडीएल कमी राहील अशी जनुकं घेऊन आलेल्या लोकांना मधुमेह जास्त होतो का, तर नाही, असं त्यांना २०१५ मध्ये दिसलं. मी यातून एवढंच घेतो की बीटा पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याचं दार नीट चालणं महत्त्वाचं आहे, आणि रक्तातला एचडीएलचा आकडा त्या दाराची खबर फार अंधुकपणे देतो. बाजारात 'चांगलं कोलेस्टेरॉल वाढवा' म्हणून डब्या मिळतात. काहींत नायसिनही असतं. तुमच्यासारख्या मधुमेहाच्या काठावरच्या माणसाने त्या डबीपासून चार हात लांब राहावं.

आता तुमचं एचडीएल ३२ का झालं ते बघू.

तुमचा रिपोर्ट मी कागदावर उतरवून घेतला. २६० ला ३२ ने भागलं की आठ येतात. हा भागाकार तीनच्या वर गेला की मला इन्सुलिनला होणाऱ्या विरोधाची शंका येते, तुमचा तर आठ आहे. म्हणजे शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय आणि स्वादुपिंड ओरडून ओरडून काम करून घेतंय. अशा वेळी यकृतात चरबी साचते, आणि यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात ओतत राहतं. मग वर सांगितलेली देवाणघेवाण जोरात सुरू होते. एचडीएलमध्ये कोलेस्टेरॉलच्या जागी ट्रायग्लिसराइड भरलं जातं. असं भरलेलं एचडीएल टिकत नाही. यकृतातलं एक एन्झाइम ते कुरतडतं, कण लहान होतो, त्याचं प्रथिन सुटून मूत्रपिंडावाटे निघून जातं. एचडीएल कमी बनलं असं नाही, ते लवकर संपलं. आणि साखर वाढली की तीच साखर उरलेल्या एचडीएलच्या प्रथिनाला चिकटते, त्याचं काम आणखी मंदावतं. म्हणून बाण दोन्ही बाजूंनी आहे, पण साखरेकडून आणि यकृताकडून एचडीएलकडे येणारा बाण जाड आहे.

ट्रायग्लिसराइड फार वाढलं तर ते डोळ्यांनीही दिसतं. आमच्या लॅबमधली ताई कधीकधी नळी घेऊन थेट माझ्या टेबलाशी येते. एरवी गोमूत्रासारखं स्वच्छ पिवळसर दिसणारं सीरम सायीच्या दुधासारखं पांढरं झालेलं असतं. नळी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली तर वर साय धरते. हे हजाराच्या पुढे दिसतं, तुमच्या २६० ला दिसणार नाही. पण एकदा ती नळी बघितलेला पेशंट दुसऱ्या दिवशीपासून फरसाण सोडतो, हा माझा अनुभव आहे.

हा सगळा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०१४ मध्ये आले, त्यात तमिळनाडू, चंदीगड, झारखंड यांच्याबरोबर आपला महाराष्ट्रही होता. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले लोक १३.९ टक्के निघाले. एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. दहांतले सात! त्याच पाहणीच्या २०२३ च्या आकड्यांनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आणि तुमच्यासारखे काठावरचे १३ कोटींच्या वर आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की आपण वरून बारीक आणि आतून चरबीचे. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. तुम्हीही कोणाला लठ्ठ वाटणार नाही. पण पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, तुमची ९७ आहे. ती सात सेंटिमीटर म्हणजेच तुमचं ट्रायग्लिसराइड आणि तेच तुमचं एचडीएल.

मग काय करायचं? एचडीएलचा विचार सोडा आणि ट्रायग्लिसराइडच्या मागे लागा.

जेवणात मी तेल-तुपाच्या आधी साखर आणि पीठ बघतो, कारण ती जादा झाली की यकृत त्यांच्यापासूनही ट्रायग्लिसराइड बनवतं. दिवसातले चार गोड चहा, चहाबरोबर खारी-बटर-टोस्ट, संध्याकाळी वडापाव, रात्री उशिरा भरपेट भात. फळांचा रसही त्यातच धरा, फळ चावून खा. उपवासाचं तर विचारूच नका. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळ्याचं शिकरण, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणतो, काल तर उपवास होता, साखर कशी वाढली? ताटात उसळ, डाळ, पालेभाजी, दही किंवा अंडं आधी वाढून घ्या, भाकरी-पोळी-भात नंतर आणि आज घेता त्याच्या दोन तृतीयांश. मूठभर शेंगदाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी रोज चालेल. वनस्पती तुपात तळलेलं बंद, त्यात असू शकणारं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल घटवतं.

वहिनींना सांगा, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुपातल्या स्निग्धाने एचडीएल थोडं वाढतं. कोकणात नारळाच्या तेलाबद्दल हेच सांगतात, तेही खरं. पण त्याच वेळी एलडीएलही वाढतं, आणि साखरेला त्याचा काही उपयोग नाही. दारूचंही तसंच. 'दोन पेगने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं' हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. वाढतं, पण दारूने ट्रायग्लिसराइडही वाढतं, आणि तुमचं यकृत आधीच चरबीने भरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. सिगारेट ओढत असाल तर ती आजच बंद. ती सोडल्यावर काही आठवड्यांत एचडीएल वर येतं.

दुसरी गोष्ट स्नायू. जेवणानंतरची शतपावली आपल्या आज्या सांगायच्या, ती शंभर पावलांऐवजी पंधरा मिनिटांची करा, तिन्ही जेवणांनंतर जमली तर उत्तम, रात्रीच्या जेवणानंतर तरी नक्की. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस बैठका, जिने, सूर्यनमस्कार, जे गुडघ्यांना झेपेल ते. मांड्या हे शरीरातले मोठे स्नायू, साखर साठवायला तिथेच सगळ्यात जास्त जागा. जिममध्ये जाणार असाल तर कोणी पावडरीबरोबर स्टेरॉइड देऊ केलं तर घेऊ नका, त्याने एचडीएल अक्षरशः कोसळतं. तिशीतल्या पोरांचे १५-१८ चे रिपोर्ट मी बघितलेत.

आणि एक सावधगिरी. वजन उतरत असताना सुरुवातीचे काही आठवडे एचडीएल आणखी खाली जाऊ शकतं. वजन स्थिरावलं की ते वर येतं. दीड महिन्यात तपासून '३२ चं ३० झालं, सगळं फुकट गेलं' असं ठरवू नका.

माझ्याकडे ट्रॅव्हल्सची गाडी चालवणारे एक पेशंट येतात. पहिल्यांदा आले तेव्हा ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३०, एचबीएवनसी ६.४. रात्रीचे धाबे सुटणार नव्हते, मग आम्ही एवढंच ठरवलं की धाब्यावर रोटी एकच, डाळ दोन वाट्या, कोल्ड्रिंक नाही, आणि गाडी थांबली की आधी पंधरा मिनिटं चालायचं, मग चहा, तोही बिनसाखरेचा. वर्षाने ते रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले आणि खुर्चीत बसताच म्हणाले, "साहेब, नाही जमलं. अजून ठळक अक्षरात लो आलंय." एचडीएल ३७ होतं, लॅबच्या मशीनने ४० च्या खालचं म्हणून ठळक छापलं होतं. मी पेन घेऊन वरच्या ओळींना गोल केला. ट्रायग्लिसराइड १५२. एचबीएवनसी ५.८. कंबर आठ सेंटिमीटरने कमी. त्यांना मी पुन्हा पुन्हा सांगितलं की तुम्ही जिंकलात. ते ३७ बहुधा ३७ च राहील, त्यांच्या आईचंही तेवढंच आहे. त्याचं दुःख नको.

औषधांबद्दल थोडं. साखर आणि एचडीएल दोन्ही एकत्र सुधारणारं एक औषध आहे, पायोग्लिटाझोन. पण ते सुधारतं ते इन्सुलिनचा विरोध कमी करून, म्हणजे पुन्हा मूळ कारणाला हात घालून. त्याने सूज येऊ शकते, वजन वाढू शकतं, कमजोर हृदयाला ते चालत नाही. ते मधुमेहाचं औषध आहे, तुमच्या टप्प्यावर मी ते देणार नाही. स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढेमागे कोणीतरी सांगेल की स्टॅटिनने मधुमेह होतो. काठावरच्या लोकांत ही शक्यता थोडी वाढते हे खरं आहे. तरीही ज्याला हृदयविकाराचा धोका आहे त्याला स्टॅटिनचा फायदा त्यापेक्षा बराच मोठा असतो. तुमचं एलडीएल १०४ बघून निश्चिंत होऊ नका. एकूण १८८ मधून एचडीएलचे ३२ वजा करा, १५६ उरतात. रक्तवाहिन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात एलडीएलपेक्षा मी याच आकड्याकडे बघतो, आणि मधुमेहाच्या वाटेवरच्या माणसात तो १३० च्या आत आणायचा प्रयत्न करतो. तीन-चार महिन्यांत खाण्या-चालण्याने तो उतरला नाही तर स्टॅटिनचा विषय तुमच्या डॉक्टरांशी स्वतःहून काढा. त्याच भेटीत लिव्हरची सोनोग्राफी आणि थायरॉइड करून घ्या, थायरॉइड मंद असला तरी ट्रायग्लिसराइड वाढतं.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. बारा तास उपाशीपोटी द्या, आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू नको. मध्ये डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा मोठा ताप येऊन गेला तर महिनाभर थांबा, तापात एचडीएल खाली जातं आणि उगाच घाबरायला होतं. रिपोर्ट हातात आला की आधी ट्रायग्लिसराइड बघा, मग एचबीएवनसी, मग घरी टेपने कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. एचडीएल सगळ्यात शेवटी. आणि जुना रिपोर्ट जपून ठेवा, डॉक्टरांकडे जाताना दोन्ही कागद घेऊन जा.